गादीवरचे कापड, अंथरुणावरचे कापड

व्यापारी घरात कापडाची पारख वारशाने येते, असे मानले जाते. 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गल्लोगल्ली मागांचा खडखडाट सुरू झाला. त्या गावात तर पाळण्यातल्या मुलालाही केंब्रिक आणि पॉपलीन यांतला फरक कळतो, असे थट्टेने म्हणतात. ज्या घराची ही हकीकत आहे, ते अशाच घरांपैकी एक. तीन पिढ्यांची पेढी, सोप्यात पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर लोड, आणि भिंतीला टेकवून उभे केलेले तागे. घराचे कर्ते अण्णा 68 वर्षांचे. कापडाचा कोपरा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरला की डोळे न उघडता ते सुताचा नंबर सांगत. बायकांच्या गाऊनसाठी लागणारे केंब्रिक त्यांच्या पेढीवरून वर्षानुवर्षे मुंबईच्या कारखानदारांकडे जात होते.

त्या घरात मात्र गाऊन घालण्याची मुभा नव्हती. हा नियम अक्कांचा. सुनांनी आपल्या खोलीबाहेर पाऊल टाकायचे ते साडीतच. सोप्यात दिवसभर दलाल, अडते, गुमास्ते यांची ये-जा; घरातील स्त्रियांचा वावर मर्यादेत असावा, एवढाच त्यामागचा विचार होता. अक्कांनी तो कधी आवाज चढवून सांगितला नाही, आणि दोन्ही सुनांनी तो कधी मोडला नाही.

अक्कांच्या पायांत गेली चार वर्षे कळा येत. मंदिरापर्यंतचे अंतर कसेबसे दहा मिनिटांचे. पण निम्म्या वाटेवर पाय जड होत, मुंग्या येत, आणि कोणाच्या तरी ओट्यावर टेकावे लागे. वाकून बसले की बरे वाटे, उभे राहिले की पुन्हा तेच. कंबरेच्या मणक्यांमधील पोकळी अरुंद होऊन नसांवर दाब येतो, तेव्हा हीच लक्षणे दिसतात. औषधे झाली, व्यायाम झाला. अखेर आषाढाच्या सुरुवातीला मिरजेत शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये तेथे रुग्णालय उभारल्यापासून त्या साऱ्या मुलखाला दुखणे म्हटले की मिरज आठवते. अण्णांच्या घरालाही दुसरे गाव सुचले नाही. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. पायातली कळ दुसऱ्याच दिवशी नाहीशी झाली. पाचव्या दिवशी अक्का घरी आल्या.

सोबत सूचनांचा कागद होता. सहा आठवडे कंबरेतून वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, अंग पिळायचे नाही. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोटावा तशी वळवायची. उठताना आधी कुशीवर यायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने अंग वर ढकलायचे. पलंगावरून उठायच्या आधी पट्टा बांधायचा. दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे चालायचे. कपड्यांविषयी त्यात तीनच शब्द होते : ‘सैल, सुती कपडे.’

ज्या घराने आयुष्यभर कापडच विकले, त्या घराला हे तीन शब्द पुरेसे वाटले. ते पुरेसे नव्हते, हे कळायला आठवडा लागला.

पहिल्या दिवशी अक्कांनी साडीच नेसवून घेतली. साडी सुती होती, जुनी होती, मऊ होती. पण परकराची नाडी जेथे बांधतात, बरोबर तेथेच कंबरेवरची जखमेची पट्टी होती. नाडी सैल सोडली तर निऱ्या राहीनात. आवळली तर टाक्यांवर दोरी कसावी तसे होई. वरून पट्टा बांधल्यावर नाडीची गाठ आणि निऱ्यांचा बोंगा यांचा गोळा झाला. अर्ध्या तासात अक्कांचा चेहरा पांढरा पडला. धाकट्या सुनेने काही न बोलता साडी सोडली आणि अंगावर चादर घातली.

मग गाऊन आला. पुण्याच्या लेकीने आधीच एक भारी, सळसळीत गाऊन पाठवला होता. अशा कपड्यावर अंग घसरते आणि कूस बदलणे सोपे जाते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. अक्कांनी हात लावून पहिला प्रश्न विचारला, “हे रेशीम तर नव्हे?” अखंड धागा मिळावा म्हणून कोश आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात टाकतात, म्हणून त्या घरात रेशीम कधी अंगाला लावले गेले नाही आणि पेढीवर विकलेही गेले नाही. “नाही अक्का, पॉलिस्टर आहे,” असे कळल्यावर त्यांनी तो घातला. कूस खरोखर सहज वळली. परंतु आषाढातली दमट रात्र; पाठीखाली घाम साचला आणि पट्टीची कड सुटू लागली. पहाटे त्या पलंगाच्या कडेला बसल्या, तोच अंग पुढे सरकू लागले. सुनेने दोन्ही खांदे धरले म्हणून निभावले. ज्या गुळगुळीतपणाने रात्र सोपी केली, त्यानेच पहाट धोक्याची केली.

त्यानंतर थोरल्या मुलाने पायजमा आणि सदरा आणला. पायजम्याचे इलॅस्टिक पुन्हा जखमेवरच बसले. शिवाय त्यात पाय घालायला वाकावे लागे, आणि वाकणे वर्ज्य. दर वेळी कोणीतरी पायांशी बसून पायजमा चढवायचा, हे अक्कांना मरणप्राय वाटे. शेवटी थोरल्या सुनेने दोन मापे मोठा, अगदी ढगळ गाऊन आणला. ‘सैल’ या शब्दाचा अर्थ सर्वांना तोच वाटला होता. पण एकदा कूस बदलताच ते सारे जास्तीचे कापड पाठीखाली गोळा झाले, त्याचा दोर झाला, आणि तो दोर रात्रभर टाक्यांखाली रुतला. सैल आणि ढगळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कापडवाल्यांच्या घरात त्या रात्री प्रथम कळले.

खरी अडचण मात्र कापडाच्या पलीकडची होती. अक्कांच्या खोलीतून न्हाणीघराकडे जायचे तर सोपा ओलांडावा लागे. चालायला सांगितलेली सलग, सपाट जागाही सोपाच. तेथे अण्णा गादीवर बसलेले, समोर दोन-चार माणसे हमखास. अक्का गाऊनमध्ये त्या माणसांसमोर जाणार नव्हत्या. त्यांनी तसे कोणाला सांगितले नाही. “आज कंटाळा आला,” म्हणाल्या. “उद्या चालते,” म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्यांना चक्कर आली. धाकट्या सुनेने उशाशी पाहिले, तर सकाळी भरून ठेवलेला तांब्या दुपारीही तसाच भरलेला. न्हाणीघराकडे जावे लागू नये म्हणून अक्कांनी पाणी पिणेच कमी केले होते. पोट साफ होत नव्हते. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुंथणे किती वाईट, हे कागदावर स्पष्ट लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. वयाने तरुण, पण बोलणे नेमके. म्हणाल्या, “काकू, शस्त्रक्रियेचे काम डॉक्टरांनी केले. आता चालणे हेच तुमचे औषध. ज्या कपड्यात तुम्ही चालणार नाही, तो कपडा कितीही मऊ असला तरी तुमच्या कामाचा नाही.” मग त्यांनी सुनेला समजावले. पाठीच्या रुग्णाचा रात्रीचा कपडा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो घालून कोणाच्या मदतीवाचून कूस वळते का? तो वर ओढायला वा खाली सारायला कोणाला न बोलावता न्हाणीघराचे काम उरकते का? आणि तो घालून माणूस चार लोकांत उभा राहील का? पहिल्या दोन गोष्टींचा विचार पुष्कळ घरांत होतो. तिसरीचा बहुधा होत नाही.

त्या रात्री दुकान वाढवल्यावर अण्णा पाच-सहा नमुने घेऊन अक्कांच्या पलंगाशी बसले. पन्नास वर्षांत त्यांनी कापडाचे वजन पाहिले होते, पोत पाहिला होता, रुंदी, चमक, रंगाचा पक्केपणा पाहिला होता. त्यावर दिवसाचे वीस तास पाठ टेकून पडावे लागले तर ते कसे वाटेल, हा प्रश्न त्यांना कोणत्याही गिऱ्हाईकाने विचारला नव्हता. त्यांनी एकेक तुकडा अक्कांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवला. मलमल सर्वांत मऊ. पण आरपार दिसणारी, आणि ओढाताणीत टिकणार नाही. पॉपलीन टिकाऊ, पण नवे असताना ताठ. केंब्रिक बरे, मात्र सुती चादरीवर सुती केंब्रिक, दोघेही एकमेकांना धरून ठेवणार, कूस वळणार नाही.

मग अण्णांनी कॉटन सॅटिनचा तुकडा काढला. त्याचे गुपित धाग्यात नाही, विणीत आहे. साध्या विणीत उभा ताणा आणि आडवा बाणा एकाआड एक वर-खाली जातात; त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि कापड धरून ठेवते. सॅटिनच्या विणीत धागा एकाखालून गेला की पुढच्या चारांवरून मोकळा तरंगत जातो, म्हणून वरची बाजू गुळगुळीत लागते. सूत मात्र कापसाचेच. घाम टिपणारे, हवा खेळू देणारे, आणि कोणत्याही जिवाचा घात न करणारे. अक्कांनी डोळे मिटून दोन्ही बाजू चाचपल्या आणि म्हणाल्या, “हे चालेल.” अण्णांनी दोन ताग्यांचे कापड काढायला सांगितले. धाकटी सून म्हणाली, “अण्णा, सगळा गाऊन याचा नको. पहाटे त्या सरकल्या होत्या.” मग असे ठरले की खांद्यापासून मांडीपर्यंत पाठीचा भाग कॉटन सॅटिनचा, आणि त्याखालचा भाग व पुढची बाजू केंब्रिकची, म्हणजे वळताना अंग सरकेल आणि कडेला बसताना कापड धरून ठेवील. अण्णांनी गडद रंग सुचवला, डाग दिसू नयेत म्हणून. तेथेही सुनेने नकार दिला. जखमेतून ओल आली तर ती दिसली पाहिजे, लगेच दिसली पाहिजे. म्हणून फिकट रंग. ज्याने आयुष्यभर डाग न दिसणारे कापड चांगले म्हणून विकले, त्याने मान डोलावली.

नव्या कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटते. म्हणून शिवण्याआधी कापड दोनदा धुतले आणि सोप्यात दोरी बांधून वाळवले. धाकट्या सुनेने आपले शिलाई यंत्र अक्कांच्या खोलीत आणले. ती शिवत होती आणि अक्का कुशीवर पडून पाहत होत्या. पाठीच्या मधोमध शिवण नाही. बगलेखालच्या शिवणी चार बोटे पुढे सरकवलेल्या, म्हणजे कुशीवर पडल्यावर त्या टोचू नयेत. पुढून पूर्ण उघडणारा. चपटी बटणे, तीही पुढेच. कंबरेला ना नाडी, ना इलॅस्टिक. बाह्या कोपरापर्यंत आणि रुंद. घोळ चालायला पुरेल एवढाच, उंची घोट्याच्या चार बोटे वर, म्हणजे पायात अडकू नये. छातीशी उजव्या हाताला एक खिसा. बाजूच्या स्टुलावरची वस्तू घ्यायला अंग पिळावे लागते, म्हणून जपमाळ, रुमाल आणि बोलावण्याची छोटी घंटी त्या खिशात.

यंत्र थांबले तेव्हा अक्कांनी विचारले, “धाकट्याच्या वेळी तुझं सिझेरियन झालं होतं. घरी आल्यावर पंधराव्या दिवशी तू साडी नेसायला लागलीस.”

“हो.”

“नाडी टोचायची का गं?”

सून दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. “टोचायची, अक्का. निऱ्या खोचल्या की टाक्यांवर दाब यायचा.”

“बोलली नाहीस.”

“कोणाशी बोलायचं?”

त्यात राग नव्हता, आणि समजूत घालण्याचा प्रयत्नही नव्हता. अक्का बराच वेळ यंत्राकडे पाहत राहिल्या. सहा वर्षांपूर्वीचे ते पंधरा दिवस त्यांना आठवत होते. सून मंद चालते, वाकून चालते, हे त्यांनी तेव्हा पाहिले होते, आणि नव्या बाळंतिणीचे लाड फार होतात असेही कोणाजवळ म्हटले होते. स्वतःच्या जखमेवर नाडी बसेपर्यंत दुसऱ्याच्या जखमेवरची नाडी त्यांना दिसली नव्हती.

गाऊन तयार झाला. सोपा ओलांडण्याचा प्रश्न मात्र उरलाच होता. तो सुनेनेच सोडवला. अक्कांच्या एका जुन्या सुती साडीचा दोन हात पदर कापून तिने त्याला टीप घातली आणि डाव्या खांद्यावर दाबाच्या बटणांनी तो गाऊनला जोडला. झोपताना काढून ठेवायचा. उठून पट्टा बांधला की लावायचा. पदर छातीवरून येऊन पट्टा झाकी, आणि गुडघ्याच्या वरच संपे, म्हणजे पायाखाली यायची भीती नाही. अक्कांनी तो डोक्यावरून घेतला, आरशात पाहिले, आणि पायांत काही घालू का, असे विचारले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलेच होते : घरातही पायाला नीट बसणारी, न घसरणाऱ्या तळाची पादत्राणे घाला; अनवाणी किंवा नुसते मोजे घालून चालू नका.

त्या दिवशी चार वाजता अक्का सोप्यात आल्या. दोन दलाल बसले होते. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले नाही, गुमास्त्याला एवढेच सांगितले, “ते भिंतीचे तागे उचल, यांच्या वाटेत येतात.” तागे उचलले गेले. वाट मोकळी झाली. अक्का एका हाताने भिंत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. एका वृद्ध दलालांनी “बरं वाटतंय ना, अक्का?” असे विचारले आणि पुन्हा भावाच्या बोलण्याकडे वळले. ज्या प्रसंगाच्या भीतीने चार दिवस पाणी सुटले होते, तो एवढाच होता. संध्याकाळपर्यंत तांब्या दोनदा रिकामा झाला.

असे चार गाऊन शिवले गेले. पावसाळ्यात सुती कापड वाळायला दोन दिवस लागतात. त्यामुळे चारांहून कमी भागत नाही. ज्या घरी अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, त्या घराने ही तयारी रुग्णालयात जाण्याआधीच करावी. कपडे आधी धुवून मऊ करावेत. घरच्या पलंगावर ते घालून एकदा कूस वळून, उठून, न्हाणीघरापर्यंत जाऊन पाहावे. पलंगावरची चादर साध्या विणीची, ताणून खोचलेली असावी. गाऊन आणि चादर दोन्ही गुळगुळीत असू नयेत. पट्टा बांधायचा असेल तर त्याखाली सुरकुती, बटण वा जाड शिवण येणार नाही असे पाहावे. मानेची शस्त्रक्रिया असेल तर डोक्यावरून घालायचा कपडा मुळीच नको. सूचना डॉक्टरांगणिक थोड्या बदलतात, म्हणून शिवलेला कपडा एकदा त्यांना दाखवावा. आणि ज्याच्यासाठी तो आहे, त्या माणसाला विचारावे की हा घालून तुम्ही कोणासमोर जाणार नाही? उत्तर बहुधा लगेच मिळत नाही. पण तांब्या रिकामा होतो की नाही, यावरून ते कळते.

सहा आठवड्यांनी पट्टा सुटला. डॉक्टरांनी साडीला परवानगी दिली. अक्का पुन्हा साडी नेसू लागल्या. मात्र परकराला आता नाडीऐवजी चार बोटे रुंद कापडी पट्टी आहे. पहिल्या दिवशी मंदिरापर्यंतच्या वाटेवर कोणाच्याही ओट्यावर त्यांना टेकावे लागले नाही.

परत आल्यावर त्यांनी अण्णांना सांगितले, “उद्या कॉटन सॅटिन आणि केंब्रिक वर पाठवा. दोघींना पुरेल एवढं.” अण्णांनी कोणत्या दोघींना, असे विचारले नाही.

नियम बदलल्याचे कोणी बोलले नाही. पूर्वी सुनांचे गाऊन धुतल्यावर खोलीतल्या दाराआड, अंधारात वाळत. पाऊस उघडल्यापासून ते मागच्या परसात, अक्कांच्या साड्यांच्या शेजारच्या दोरीवर, उन्हात असतात.